बसा, अजून आहे

लघुमाहितीपटाचं निवेदन

[भिंत. भिंतीवर पोस्टर. पोस्टरला लागलेली बकरी.]

पोस्टर चिकटवायची खळ इथे अजून घरीच होते. कणीक, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद कशाला, तर जनावरांनी तोंड लावू नये म्हणून. या वेळी ते टाकायचं राहिलं. सकाळचे साडेनऊ होईस्तोवर शाहरुख खानचा डावा खांदा आणि बंदुकीची नळी बकरीच्या पोटात गेली होती.

'पठाण'वरची या गावातली ही पहिली प्रतिक्रिया.

[टॉकीजची दर्शनी बाजू. जाळीचा दरवाजा सरकतो. आतून कबुतरं उडतात.]

तारीख २५ जानेवारी २०२३, वार बुधवार. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. टॉकीजला नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. एकच आहे, म्हणून नुसतं 'टॉकीज'. कोरोनात राज्यातली चित्रपटगृहं बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ला उघडायची परवानगी मिळाली. शहरातली उघडली. ही दिवाळीत आठ दिवस चालली, ईदला चार दिवस चालली, आणि मग कबुतरांनी ताबा घेतला तो आज सकाळपर्यंत.

त्या आठवड्यात एक बातमी सगळीकडे फिरत होती. देशभरातली बंद पडलेली २५ एकपडदा चित्रपटगृहं या सिनेमासाठी पुन्हा उघडली, अशी. या टॉकीजचं नाव त्या यादीत नाही. सिनेमाच्या धंद्यात गावांचे दर्जे ठरलेले असतात. मोठी शहरं ए सेंटर, जिल्ह्याची गावं बी, आणि हे सी. सी सेंटरला काय वाटलं, हे विचारायला कोणी येत नाही. किती गल्ला झाला, एवढाच फोन येतो. तोही तिसऱ्या दिवसानंतर येत नाही.

[एसटी स्टँड. 'अमरावती' पाटी लावलेली बस निघते.]

हा फोन येतो अमरावतीहून. विदर्भाबाहेरच्यांना हे सांगावं लागतं, की सिनेमाच्या नकाशात आपण मुंबईचे नाही. धंद्यात आपल्या पट्ट्याचं नाव आजही 'सी.पी. बेरार'. मध्य प्रांत आणि वऱ्हाड. हा प्रांत कागदावरून १९५० साली गेला, सिनेमाच्या हिशेबवहीतून गेलाच नाही. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत, त्यांची संघटना भुसावळला. नागपूर, रायपूर, जबलपूर आणि आमचं हे गाव, सगळ्यांचा गल्ला एकाच रकान्यात पडतो. आधी रिळांची पेटीही अमरावतीहूनच यायची, एसटीच्या टपावर. गुरुवारी रात्रीची बस चुकली, की शुक्रवारचा बाराचा शो गेला.

[रिक्षा. मागे फ्लेक्स, वर भोंगा. दोन्हीकडे कापसाची शेतं.]

जाहिरातीला रिक्षा. दोन दिवसांत सव्वीस गावं केली. आम्ही अकरा गावं तिच्या मागे होतो. कॅमेऱ्यात सगळ्यात सुंदर हेच आलं आहे, म्हणून थोडं जास्त ठेवतो आहोत.

[शेत. वेचणाऱ्या बाया, कमरेला ओट्या. भोंग्याचा आवाज जवळ येतो.]

हा दुसऱ्या-तिसऱ्या वेच्याचा हंगाम. वेचणीला किलोमागे दहा रुपये. मान वर केली तर वजन घटतं, त्यामुळे रिक्षा आली तरी हात थांबत नाही. ही बाई काय विचारते ते ऐका.

[बाइट]
"कोन्ता पिच्चर हाय?"
"मारामारीचा हाय, बाई."
"रडारडीचा नाई ना?"
"नाई नाई."
"मंग ठीक हाय."

[रिक्षा धुळीत जाते. फ्लेक्सवर हिरोचा चेहरा हलतो.]

[जिना. अरुंद. वर केबिन.]

आता वर जाऊ. कारण खरी टॉकीज वर आहे.

हे ऑपरेटर काका. बेचाळीस वर्षं याच खोलीत. खोली दहा बाय बारा. भिंतीत चार झरोके, दोन यंत्राचे आणि दोन डोळ्याचे. डोळ्याच्या झरोक्याची काच ते रोज वर्तमानपत्राच्या कागदाने पुसतात. फडक्याने धागे राहतात, कागदाने राहत नाहीत.

[दोन जुनी प्रोजेक्टर. गंजलेली नाहीत. तेल दिलेलं.]

ही दोन यंत्रं आता चालत नाहीत, तरी काका महिन्यातून एकदा तेल देतात. कशाला, असं आम्ही विचारलं नाही. तेल देताना टिपलं आहे, ते बघा.

[तेलाची बुधली. बोटं. चक्राचे दाते.]

दोन यंत्रं का, तर एक रीळ हजार फुटांचं आणि पडद्यावर चालतं अकरा मिनिटं. दोन रिळं जोडून एक केलं तरी बाविसाव्या मिनिटाला दुसरं यंत्र सुरू करावंच लागतं. वेळ झाली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका यायचा. खाली बसलेल्या चारशे लोकांपैकी तो कोणाला दिसत नसे, काकांना दिसायचा. पहिल्या ठिपक्याला मोटर सुरू, दुसऱ्याला झडप बदल. बेचाळीसमधली तीस वर्षं त्यांनी सिनेमे असे पाहिले, उजव्या कोपऱ्यात.

उजेड कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्या समोरासमोर आणायच्या, ठिणगी पडली की थोड्या मागे घ्यायच्या. कांडी जळत जाईल तशी पुढे सारायची. हात चुकला की पडदा पिवळा, आणि पडदा पिवळा पडला की खालून ठरलेली शिवी. गावात दोन टॉकीज होत्या तेव्हा एकच प्रिंट दोघींत चालायची. इथलं रीळ संपलं की पोरगा ते सायकलला बांधून तिकडे पळायचा. एकदा रेल्वेचं फाटक लागलं आणि तिकडच्या पब्लिकने हिरोच्या बहिणीचं लग्न पाहिलं, मग तिचा जन्म.

'पठाण' १४६ मिनिटांचा आहे. रिळावर असता तर पट्टीची लांबी झाली असती तेरा हजार फुटांच्या वर. म्हणजे चार किलोमीटर. हा हिशेब काकांनीच करून दिला, कॅलेंडरच्या मागे.

[गच्ची. डिश. शेजारी वाळत घातलेली तूर.]

आता काहीच येत नाही. पेटी नाही, हमाल नाही. २००५ नंतर देशात उपग्रहावरून सिनेमे पाठवायला लागले, आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत रीळ संपलं. सिनेमा या डिशवर उतरतो, खाली एका काळ्या डब्यात साठतो. पण उघडत नाही. त्याला किल्ली लागते. किल्ली म्हणजे आकडे, तेही पैसे भरल्यावर, आणि मोजून तितक्याच शोचे. अकराचा शो. दहा चाळीसला किल्ली आली नव्हती.

[काका. डबा. डब्यावरचा लाल दिवा. खालून लोकांचा गलका.]

दहा त्रेपन्न.

[दिवा हिरवा.]

[तिकिटाची खिडकी. हातच हात.]

बाल्कनी ऐंशी रुपये, खाली साठ. जिल्ह्याच्या मल्टिप्लेक्सला याच्या तिप्पट-चौपट.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो. या माहितीपटात तुम्हाला 'पठाण'ची एकही चौकट दिसणार नाही. त्याची परवानगी आणि पैसा, दोन्ही आमच्याकडे नव्हतं. म्हणून कॅमेरा उलटा केला. पडद्याच्या खाली, पब्लिककडे तोंड करून. पुढचं सगळं तुम्ही चेहऱ्यांवर पाहा.

[अंधार. मग चेहरे. निळा, केशरी, पांढरा उजेड.]

नायकाला खुर्चीला बांधून मारताहेत. २०१८च्या डिसेंबरात 'झीरो' आला, त्यानंतर चार वर्षं शाहरुख खानचा नायक म्हणून सिनेमा नाही. वय सत्तावन्न. केस खांद्यापर्यंत. तो मान वर करतो.

[आवाज.]

चिल्लर उडाली ती या वेळी. शो सुटल्यावर झाडणाऱ्या बाईने वेचली, एकशे सत्तेचाळीस रुपये. ती चिल्लर तिची, हा इथला जुना नियम.

[चेहरे. एकदम उभे राहिलेले. छतावरून धूळ पडताना दिसते.]

ही धूळ आगगाडीच्या प्रसंगाची. सलमान खान 'टायगर' म्हणून येतो. २०१२च्या सिनेमातला गुप्तहेर २०२३च्या सिनेमात मदतीला. 'एक था टायगर', 'टायगर जिंदा है', 'वॉर' आणि आता हा, असे चार सिनेमे एका धाग्यात ओवल्याचं निर्मात्यांनी जाहीर केलं होतं. मुंबईच्या पत्रकारांनी त्याला विश्व म्हटलं. इथे एका आजोबांनी नातवाला सांगितलं, "थो याचा मावसभाऊ होय." आम्हाला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

नीट ऐकलंत तर याच जागी आवाज वाढलेला कळेल. तो सिनेमात नाही. पहिला शो काका उभ्याने पाहतात आणि पब्लिक कुठे काय करतं ते टिपून ठेवतात. दुसऱ्या शोपासून त्या जागी आवाज दोन घरं वर. मारामारीला नाही, मारामारी आपलीच ओरडते म्हणतात. माणूस येतो तेव्हा वाढवायचा.

[पानठेला. मोबाइलभोवती सहा डोकी.]

दुपारपर्यंत परीक्षणं आली होती. टॉकीजसमोरच्या पानठेल्यावर एक पोरगा मोठ्याने वाचून दाखवत होता. बहुतेकांचा सूर खुशीचा. शाहरुखचं पुनरागमन दणदणीत, जॉन अब्राहमचा खलनायक तोडीस तोड, दीपिका पदुकोणची मारामारी झकास, सिद्धार्थ आनंदचं दिग्दर्शन वेगवान. तक्रारी अशा, की गोष्ट पातळ आहे, तर्काला जागा नाही, संगणकावरची दृश्यं काही ठिकाणी उघडी पडतात. आणि बऱ्याच ठिकाणी ते आपल्या ओळखीचं वाक्य, की डोकं बाजूला ठेवून पाहावा.

त्यावर पानठेल्यावरचं हे मत.

[बाइट : निवृत्त हवालदार]
"बावा, हा गुप्तहेर होय का? मानूस आला की मागं गानं वाजते. याले तं पानठेल्यावरचं पोट्टं बी ओळखीन. मी सतरा वर्षं नोकरी केली फौजेत, घरच्याले माहीत नव्हतं मी कोठी हाय थे. पन पायला. दोनदा पायला."

[बाइट : दोन मुलगे, मोटारसायकलवर]
"बर्फाच्या तळ्यावर गाडी चालवते म्हने. आमच्या रोडनं आनून दाखव म्हना."

[बाइट : कॉलेजची मुलगी, सोबत भाऊ]
"ती हीरोले फसवते थे मले आवडलं. नाई तं बाईले नुसतं वाचवाच लागते."

डोकं कोणी बाजूला ठेवलं होतं, ते आम्हाला दिसलं नाही.

[पुन्हा अंधार. चेहरे. आवाज नाही.]

आता हा भाग. याच्यासाठी हा माहितीपट केला असं म्हटलं तरी चालेल. मूळ बेत बंद टॉकीजचा होता.

खलनायकाचं नाव जिम. हा आधी आपलाच माणूस, रॉचा. त्याला आणि त्याच्या बायकोला अतिरेकी पकडतात, पैसे मागतात. सरकार देत नाही. बायको पोटुशी असते. तिला त्याच्यासमोर मारतात. त्यानंतर हा माणूस देशाच्या विरोधात उभा राहतो, भाड्याने.

हे पडद्यावर चालू असताना पब्लिक असं होतं.

[चेहरे. सलग एक मिनिट दहा सेकंद. निवेदन नाही.]

सकाळच्या शोला आम्हाला वाटलं, लाइट गेली की काय. इतकं शांत. काकांनी झरोक्यातून पाहिलं आणि कॅलेंडरच्या मागे काहीतरी लिहिलं. दुसऱ्या शोला त्यांनी गेटकीपरला निरोप दिला, की या जागी फुटाणेवाल्याला आत सोडायचं नाही. तिसऱ्या शोलाही शांतता तशीच होती.

परीक्षणांनी जिमला चांगला खलनायक म्हटलं. कारण त्याच्याकडे कारण आहे, असं म्हटलं. बरोबरच आहे. पण ते कारण इथे कसं पोहोचलं ते कुठे आलं नाही, कारण परीक्षक इथे बसलेच नव्हते.

[घर. ओसरी. आत खोलीभर कापूस, छतापर्यंत. मालक दारात.]

हे त्या शोचे एक प्रेक्षक. तिसऱ्या रांगेत, टोपी होती ते. घरात चाळीस क्विंटल कापूस. मागच्या हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला होता. या जानेवारीत आठ हजारांच्या आसपास. वाढेल म्हणून सगळ्यांनी घरात भरून ठेवला आहे. कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते, लेकरं ओसरीत झोपतात. ऑगस्टात अतिवृष्टी झाली, तिची मदत यांच्या खात्यावर अजून यायची आहे.

[बाइट]
"थो वाईट होता, हाव. मरालेच पाह्यजे होता. पन त्याचं म्हननं काय होतं? मी तुमचा होतो, माह्यावर आली तं तुमी हात वर केले. पैसे देले असते तं थो कायले गेला असता तिकडं? हीरो त्याले काई बोलला का यावर? नाई बोलला. मारामारी सुरू केली."

[तो कापसात हात घालतो. एक बोंड काढून सरकी दाबतो.]

"मारामारी चांगली होती."

[अंधार. चेहरे.]

हे एकट्याचं म्हणणं नाही. बाहेर पडलेल्या एकवीस जणांशी आम्ही बोललो, चौदा जणांनी जिमचा विषय स्वतःहून काढला. नायकाच्या बाजूने सगळेच होते. शिट्ट्याही त्यालाच. पण वाद जिमवर. हिवाळ्यात रात्र-रात्र बसून झाडीपट्टीची नाटकं पाहणारा पूर्व विदर्भ असो की जत्रेत तमाशा पाहिलेला वऱ्हाड, खलनायकाचं ऐकून घ्यायची इथल्या पब्लिकला सवय आहे. त्याचं ऐकतात, मग त्याला मारलेलंही चालतं. ते आधी ऐकून घेणं परीक्षकाच्या नजरेत येत नाही. त्याला शिट्टी ऐकू येते, आणि त्याच्या लेखी ती 'मास', म्हणजे नुसती गर्दी.

[भिंत. उरलेलं पोस्टर.]

या सिनेमावर बहिष्कार घाला अशी हाक होती, तिचंही सांगायला हवं. डिसेंबरात गाणं आलं, त्यातल्या भगव्या कपड्यावरून गदारोळ झाला, शेजारच्या मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी हरकत घेतली, सेन्सॉरने बदल सांगितले. इथे काही झालं नाही. एक पोलीस दिवसभर गेटवर होता. संध्याकाळच्या शोला तो आत बसला.

[मोहल्ला. चौक. चहाचं दुकान. मग तिकिटाची रांग.]

सिनेमाचं नाव इथे कोणाला खटकलं नसावं. चंद्रपूरच्या परकोटाच्या एका दरवाजाचंच नाव पठाणपुरा. रांगेत कोण कोणाच्या मागे उभं आहे, ते चित्रात आहे.

बाया रविवारच्या तीनच्या शोला येतात. रविवारी कॅमेरा यवतमाळला दुरुस्तीला होता.

[केबिन. रात्र. काका डब्याशेजारी खुर्चीवर. समोर डबा उघडलेला, भाकरी, ठेचा.]

आकडे. पहिल्या दिवशी देशात पन्नास कोटींच्या वर. जगभरात हजार कोटींच्या वर. इथे पहिले चार दिवस भरले, मग अर्धे, मग मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत पेनड्राइव्हवर मिळू लागला. सतरा दिवस चालला. २२ मार्चला तो ओटीटीवर आला. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी 'टायगर ३' आला, तो इथे लागला नाही. जागेचा सौदा तोपर्यंत झाला होता.

[सतरावा दिवस. शेवटचा शो. खाली तीसेक लोक.]

ही शेवटच्या शोची शेवटची पाच मिनिटं. मारामारी झाली, जिम गेला, नावं सुरू झाली. पब्लिक उठलं. चपला शोधताहेत. गेटकीपरने दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला.

पण नावांच्या मध्ये एक प्रसंग आहे. पठाण आणि टायगर, दोघेच बसलेले. अंग ठेचलेलं. आता किती वर्षं करायचं हे, आपण थांबलो तर आपल्या जागी कोण, अशी त्यांची चर्चा. विनोदी आहे. पहिल्या दिवशी अर्ध्या लोकांचा तो बुडाला, म्हणून त्यानंतर काका दर शोला इथे झरोक्याशी येतात.

[झरोका आतून. काकांची पाठ. पलीकडे पडद्याचा उजेड. ते तोंड झरोक्याला लावतात.]

"ए! बसा! अजून आहे! दार लाव रे!"

[खाली, दारात थांबलेले सात-आठ जण. काही परत येऊन बसतात. काही उभेच. दार बंद होतं. अंधार.]